अठ्ठावीस ताटं

गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. नारायण सुर्व्यांनी त्याला कवितेत आणलं, अण्णा भाऊ आणि अमर शेखांनी डफावर आणलं, संपांचे इतिहास झाले, पुढाऱ्यांची चरित्रं झाली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली गेली तिथपासून ते भोंगे बंद पडेपर्यंतची सगळी हकिगत कुठे ना कुठे वाचायला मिळते. या साऱ्या हकिगतीत गिरणी कामगार सकाळी सातच्या ठोक्याला गेटातून आत जातो. त्याच्या हातात डबा असतो. तो डबा कुणी भरला, याची चौकशी मात्र फारशी कुणी केलेली नाही.

आमच्या चाळीतले अठ्ठावीस डबे माझी आजी भरायची.

आजी खानावळवाली होती. हा शब्द आज ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे पाटी, टेबलं आणि गल्ल्यावर बसलेला मालक येतो. गिरणगावातल्या खानावळीला यातलं काहीच नसे. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, एक मोरी, वर पोटमाळा. याच खोलीत आजी, माझे आईवडील, आम्ही दोन भावंडं आणि लग्न होईपर्यंत धाकटा काका राहत असू. आणि याच खोलीत अठ्ठावीस पुरुष दोन वेळा जेवत असत. सात जणांची एक पंगत. एक उठली की शेण्यांची राख आणि काथ्या घेऊन आई ताटं घासायला बसे, तोवर दुसरी पंगत गॅलरीत कठड्याला टेकून उभी.

हे पुरुष म्हणजे मुंबईतले ‘एकटे’. बायकापोरं गावी, आपण इथे. कोकणातून आलेले जास्त, घाटावरचे थोडे. गावच्या मंडळाने घेतलेल्या एकेका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस जण राहायचे. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्यांच्या जागेवर रात्रपाळीचे येऊन आडवे व्हायचे. अशा खोलीत चूल कुठे पेटणार? म्हणून प्रत्येक जण कुठल्यातरी बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवायला लागलेला असे. त्या बाईला तो मावशी म्हणे, वहिनी म्हणे. आजीला सगळे काकी म्हणायचे. साठीचा माणूसही काकीच म्हणायचा. मी लहानपणी समजत असे की आजीचं नावच काकी आहे.

ती मालवणच्या बाजूची. तेव्हा तो रत्नागिरी जिल्हाच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि वर्षभराने, म्हणजे १९४७ च्या दिवाळीनंतर, ती बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली. त्याच वर्षी जुलैत, गटारी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेच्या वर माणसं गेली होती. तिच्या आईने तिला बोटीत बसू द्यायला नकार दिला होता म्हणे. पण नवरा मुंबईत आणि दुसरी वाट धड नाही. आजी सांगायची, पूर्ण प्रवासभर ती डोळे मिटून बसली होती, आणि मुंबई आली हे तिला वासावरून कळलं.

आजोबा कापडखात्यात साचे चालवत. या खात्यात पगार बरा. पण धोटा भरताना सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि आत जाणारा कापसाचा पिंजर वेगळाच. तोंडाने सूत ओढायचं म्हणून या खात्यात दलित कामगारांना उभं राहू देत नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला होता. उष्ट्याची एवढी चिंता करणाऱ्या माणसांना त्या धाग्याबरोबर छातीत काय जातं आहे याची चिंता नव्हती. आजोबा १९६१ साली खोकून खोकून गेले. चाळिशीही गाठली नव्हती. मागे तीन मुलं. माझे वडील थोरले, तेरा वर्षांचे.

तोवर आजीकडे गावातले चार जण जेवायला होतेच. दिवसकार्य झाल्यावर तिने त्या चौघांना सांगितलं, आणखी कोण असले तर पाठवा. तिला दुसरं काही येत नव्हतं आणि जे येत होतं ते तिला नीट माहीत होतं. चाराचे अकरा झाले, अकराचे वीस. मला कळायला लागलं तेव्हा आकडा अठ्ठावीसवर पोचला होता आणि तिथेच थांबला होता. “ह्येच्या फुडे भाताचा टोप मावना नाय,” असं ती सांगे. धंद्याच्या वाढीची मर्यादा टोपावरून ठरवणं मला आजही शहाणपणाचं वाटतं.

आता तिचा दिवस सांगतो. गिरणीच्या तीन पाळ्या. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, तिसरी मध्यरात्री बाराला. माणसाला तीन पाळ्या करता येत नाहीत म्हणून गिरणीवाले तीन माणसं ठेवतात. खानावळवाली एकच असते. आजी पहाटे साडेतीनला उठायची, कारण चाळीच्या नळाला पाणी चारला यायचं आणि हंडे रांगेत असले तरी माणूस रांगेत नसेल तर हंडा मागे जायचा. साडेचारला शेगडी आणि दोन स्टोव्ह पेटत. सहापर्यंत पहिल्या पाळीचे दहा-बारा डबे तयार : चपात्या, एक सुकी भाजी, डब्याच्या झाकणात चिमूटभर लसणीची चटणी. साडेसातला रात्रपाळीवाले डोळे चोळत यायचे, त्यांना गरम भात लागायचा. अकराला दुपारच्या पाळीची जेवणं. चारला पहिली पाळी सुटून आली की त्यांचा चहा हा बोलीत नसलेला, पण कुणी न देता राहिलेला नव्हता. रात्री आठला पुन्हा पंगती, दहाला तिसऱ्या पाळीच्या. साडेअकराला भांडी पालथी पडत.

दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास चपात्या. मी एकदा मोजल्या होत्या. सुट्टीत मुलांना दुसरा उद्योग नसतो. सात-आठ किलो कणीक ती स्वतः मळायची. आई लाटायची, आजी भाजायची, आणि दुपारी शेजारची एक विधवा बाई तासभर मदतीला यायची. तिला पैसे नसत, तिच्या दोन मुलांची जेवणं असत. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. ताजे परवडले तर बांगडे, नाहीतर सुकट, बोंबील. पगाराच्या पहिल्या रविवारी मटण. त्या दिवशी पंगतीत बोलणं नसायचं.

पगार १० तारखेला. त्या संध्याकाळी एकेक जण यायचा, देव्हाऱ्याजवळच्या डब्यात पैसे टाकायचा आणि काय टाकलं ते तोंडाने सांगायचा. काही जण बाकीचा पगारही तिच्याकडे ठेवत, कारण खोलीतल्या ट्रंकेचं कुलूप आणि गुत्त्याची वाट या दोहोंवर त्यांचा भरवसा नव्हता. असे सात-आठ जणांचे पैसे तिच्याकडे असायचे, वेगवेगळ्या चिंध्यांत बांधलेले. चिंधीच्या रंगावरून माणूस. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. एकाने मध्येच पिण्यासाठी पैसे मागितले, तेव्हा आजीने त्याला दारातूनच हाकललं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच पैशांतून त्याच्या बायकोला मनीऑर्डर करायला माझ्या वडिलांना पाठवलं. हा कुठल्या कायद्यात बसणारा अधिकार होता कोण जाणे. पण त्या माणसाने खानावळ बदलली नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आजी म्हणजे मायेची मूर्ती. तशी ती नव्हती. तिची जीभ फार तिखट होती. पोळीला नाव ठेवणाऱ्याचा ती गावापर्यंत उद्धार करी. उष्टं टाकणाऱ्याला तेच ताट रात्री पुढे येई. आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं तिची खानावळ आमच्या गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या लोकांचीच होती. नवा माणूस आला की कुणाचा कोण, हे विचारल्याशिवाय पाट मिळत नसे. स्पष्टच सांगायचं तर जात बघितली जायची. गिरणगावातल्या बहुतेक खानावळी अशाच होत्या. लाल बावट्याच्या सभेत खांद्याला खांदा लावून बसणारी माणसं जेवायला आपापल्या पंगतीत जात. ही रीत आमच्या खोलीतही होती, ती झाकून आजीचं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. ती कशी सैल झाली ते पुढे येईल.

तिच्या कामाला ‘समाजकार्य’ म्हणतात हे तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. के. ई. एम. मध्ये गावचा कुणी दाखल झाला की डबा जायचा. पहिल्यांदाच मुंबईला आलेल्या नव्या नवरीला लोकल कशी पकडायची, नळावर कसं भांडायचं आणि रेशनचं दुकान कधी गाठायचं, हे शिकवायचं काम तिचं. चाळीतल्या बायकांची भिशी तिच्याकडे. तार आली तर वाचून दाखवायला माणूस शोधायचा आणि मग ज्याची तार त्याला ती जेवल्यानंतरच सांगायची, हा तिचा नियम होता. “उपाशी मानसाक वायट खबर सांगू नये.” एका माणसाच्या आईच्या मरणाची तार तिने तीन तास पदराखाली ठेवली होती. तो माणूस तिच्यावर चिडला नाही. एस. टी.त बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की काकीने त्याला त्या दिवशी आग्रह करून दोनदा भात वाढला होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर महागाईने कहर केला, तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आजी त्या मोर्चाला गेली होती. वर्तमानपत्रांत त्या लाटण्यांचे फोटो छापून आले आणि लाटणं हे निशाण झालं. आजीच्या हातात होतं ते मात्र निशाणापुरतं नव्हतं. ती दुपारच्या पंगती उरकून गेली आणि रात्रीच्या चपात्यांना ते परत पाहिजे म्हणून सभा संपायच्या आत निघून आली. तेल, रॉकेल, गहू यांचे भाव तिला पैशापैशापर्यंत पाठ होते. तिच्यासाठी महागाई म्हणजे अठ्ठावीस माणसांना सांगायचा नवा दर, आणि तो सांगताना तिची मान खाली जायची.

वाण्याकडे खातं असायचं. महिनाभर माल उधार, १० तारखेनंतर फेड. मध्ये काही अडलं तर व्याजाने पैसे घ्यावे लागत आणि ते व्याज महिन्याला लागे. दागिना गहाण टाकल्याशिवाय खानावळवालीचं वर्ष सरत नसे. १९७४ चा ४२ दिवसांचा संप झाला तेव्हा या बायकांनीच कामगारांना उधारीवर जगवलं. त्या सुमाराला गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर गिरणगावात कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ही गोष्ट हेरली. युनियनमध्ये नाव नसलेली, पण संप ज्यांच्या जिवावर चालतो अशी ही फौज. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ साली चौदा बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या होत्या आणि गरिबांना कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. प्रेमाताईंनी खानावळवाल्यांना एकमेकींची हमी घ्यायला लावून ते धोरण बँकेच्या काउंटरवरून खाली उतरवलं.

आजी मंडळात गेली ती शेजारणीच्या नादाने, जरा उशिराच. कर्जाचं व्याज शेकडा चार, हे ऐकून तिने विचारलं, “म्हयन्याक?” वर्षाला, असं उत्तर आल्यावर ती उठून घरी आली. यात काहीतरी फसवणूक आहे याबद्दल तिची खात्री झाली होती. तिला परत न्यायला दोन महिने लागले. अखेर पंधराशे रुपये मिळाले. अंगठा न लावता सही करायची म्हणून ती आठवडाभर रात्री साडेअकरानंतर माझ्या पाटीवर नाव गिरवत बसायची. आयुष्यात तिने तेवढीच चार अक्षरं लिहिली. गहाण पडलेल्या पाटल्या सुटून आल्या. त्या पुढे पुन्हा जायच्या होत्या.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. चाळीत पहिले काही दिवस सणासारखे गेले. तिन्ही पाळ्यांची माणसं एकाच वेळी जागी आहेत असं दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं. गॅलरीत पत्त्यांचे डाव बसले. महिन्या-दीड महिन्यात मिटेल, असं सगळेच म्हणत होते. माझे वडीलही गिरणीतच, त्यामुळे आमच्या घरातलाही पगार थांबला.

फेब्रुवारीच्या १० तारखेला जानेवारीचे जेवढे दिवस भरले तेवढे पैसे आले. मार्चच्या १० तारखेला देव्हाऱ्याजवळचा डबा रिकामा राहिला. त्या रात्री पंगतीला निम्मेच लोक आले. बाकीचे लाजेने आले नव्हते. आजीने भाताचा टोप उतरवला, पदर खोचला आणि ती स्वतः चाळीच्या दुसऱ्या टोकाला मंडळाच्या खोलीत गेली. बायकांनी त्या खोलीत पाऊल टाकायची रीत नव्हती. दारात उभी राहून तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “संप गिरणीचो आसा, पोटाचो नाय. जेवक येवा. पैशे मागसून.”

त्यांच्यामागून ती परत आली तेव्हा वडील चिडलेले होते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यांनी वाण्याच्या खात्याचा आकडा तोंडावर मांडला आणि विचारलं, “आये, आपल्या पोरांका काय घालतलंस?” आजीने पातेल्याकडे हात केला. “ज्या त्येंका, ताच ह्येंका.” पुढचे कित्येक महिने या वाक्यावर आमचं घर चाललं आणि याच वाक्यावरून घरात भांडणंही झाली. माझ्या आईने त्या वर्षी दोन घरची धुणीभांडी धरली. ती ते अजून विसरलेली नाही, आणि तिने विसरावं असं मला वाटतही नाही. दानशूर माणसाच्या घरातल्यांना त्या दानाची किंमत विचारून ठरवण्याची सोय नसते.

उधारीची वही तेव्हा सुरू झाली. शाळेची दोनशे पानी वही. एकेका माणसाला चार-चार पानं. रात्री आजी सांगायची आणि मी लिहायचो. कोण एक वेळ जेवला, कोण दोन वेळ, कुणी डाळ घेतली नाही. संपाच्या आधी दोन वेळच्या जेवणाचा महिना दीडशेच्या आसपास होता. आजीने संपाचा दर शंभर धरला. एप्रिलपासून रात्री भात-आमटीऐवजी पेज आणि सुकटीची चटणी, आणि पेजेचे पैसे लावायचे नाहीत असं तिने ठरवलं. ती म्हणे, पेजेत पाणीच जास्त, पाण्याचे पैसे कसे घ्यायचे.

वाण्याने मे महिन्यात हात आखडता घेतला. त्याचीही बाजू होती. पूर्ण रस्ता त्याच्याकडे उधारीवर जगत होता. आजी ती वही घेऊन त्याच्या दुकानात गेली, मला सोबत घेऊन, आणि मला पान पान वाचायला लावलं. कुणाचं गाव कुठलं, जमीन किती, आंबे किती, भाऊ काय करतो. ही माणसं बुडवून पळणारी नाहीत, हे ती त्याला पटवत होती. वाण्याने पंधरा मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, पाटल्या ठेव. तिने ठेवल्या. त्यावर पावसाळा निघाला.

ज्यांना गावी जमीन होती त्यांना तिने गावी पाठवलं, तेही एका बोलीवर. पेरणी करा, आणि येताना किंवा कुणाबरोबर तरी तांदूळ पाठवा. गणपतीनंतर एस. टी.च्या टपावरून पोती यायला लागली. उकडा तांदूळ, कुळीथ, सोलं, सुके बोंबील. ज्याचं पोतं त्याच्या पानावर वजा. ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते मुंबईतच राहिले, मिळेल ती हमाली करत. याच दिवसांत शेजारच्या चाळीतल्या दोन खानावळी बंद पडल्या आणि तिथली माणसं आमच्याकडे आली. त्यांत कोण कुठल्या गावचा आणि कोण कुठल्या जातीचा, हे आजीने विचारलं नाही. तिचं मतपरिवर्तन वगैरे झालं असं मी म्हणणार नाही. तिला तेवढी उसंतच नव्हती. पहिल्या दिवशी त्यांतल्या एकाने जेवून झाल्यावर आपलं ताट स्वतः उचललं आणि तो मोरीकडे निघाला. ते त्याच्या हातून काढून घेताना आजी क्षणभर थबकली होती, हे मी पाहिलं आहे. मग तिने ते घेतलं आणि बाकीच्या ताटांवर ठेवलं. जुन्यांपैकी दोघे त्यानंतर जेवायला आले नाहीत. त्यांची पानं वहीत तिथेच तुटली आहेत.

तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. तो विरत गेला. वर्ष उलटलं, दीड वर्ष झालं, काही गिरण्या सुरू झाल्या, त्यांनी काहींना आत घेतलं, पुष्कळांना घेतलं नाही. माझ्या वडिलांना घेतलं नाही. ते पुढे एका गोदामात वॉचमन झाले. अठ्ठावीसांतले नऊ उरले. वहीची मी बेरीज केली तेव्हा ती चौदा हजारांच्या थोडी वर निघाली. १९८३ साली चौदा हजार म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना सांगायला नको.

आणि आता जे सांगतो ते आजीच्या आठवणी काढताना घरातले लोक सहसा सांगत नाहीत. तिने ही उधारी माफ केली नाही. पुढची दहा-बारा वर्षं ती वसूल करत होती. शिमग्याला आणि मे महिन्यात गावी गेली की वही पिशवीत असायची. वाडी वाडी हिंडून ती दारात बसायची, पाणी प्यायची, पोराबाळांची चौकशी करायची आणि मग पान उघडायला मला सांगायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी एकदा म्हटलं, सोडून दे ना. “सोडूक मी काय देव आसंय? माका वान्याचे देवचे आसत.” त्याचे तिने पैन् पै दिले. पाटल्या मात्र सुटल्या नाहीत.

लोकांनीही परोपरीने फेड केली. एकाने सात वर्षं दर महिन्याला पंचवीस रुपयांची मनीऑर्डर केली आणि शेवटच्या कुपनावर ‘इति’ असं लिहिलं. एकाने दोन पावसाळे आमच्या गावच्या घराची कौलं परतून दिली. एकजण परळच्या पुलावर आम्हाला पाहून जिना उतरून गेला. आजी त्याच्या पाठीकडे बघत राहिली आणि म्हणाली, बारीक झालो. तिघे वारले. त्यांतल्या एकाच्या बायकोने घरातली पितळेची कळशी आणून पुढे ठेवली. आजीने ती घेतली. घरी आल्यावर माझी आई तिला खूप बोलली. विधवेच्या घरातलं भांडं कसं आणवलं, म्हणून. आजीचं उत्तर असं की नाही घेतली तर ती बाई आपल्यासमोर मान वर करणार नाही. मला त्या वेळी आईचं पटलं होतं, आणि अजूनही पूर्ण निकाल लागलेला नाही. दोन वर्षांनी त्याच बाईची मुलगी उपचारासाठी मुंबईला आली आणि तीन महिने आमच्या खोलीत राहिली. पाणी त्या कळशीतलंच प्यायली. त्या तीन महिन्यांचं पान वहीत नाही.

संपानंतरच्या काळात आजीला मंडळाचा आधार झाला. गिरणी कामगार संपला तशी खानावळही संपणार, हे तिथल्या बायकांनी वेळीच ओळखलं आणि त्या कचेऱ्यांना जेवण पुरवण्याकडे वळल्या. आजीने काही वर्षं अशा कामात चपात्या भाजल्या. तिथे मोजून मजुरी मिळायची, रविवारी सुट्टी असायची. पहिल्या रविवारी सुट्टीच्या दिवशी काय करायचं ते तिला कळेना. ती पहाटे साडेतीनला उठली आणि गॅलरीत बसून राहिली. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ते ऐकायला आजी नव्हती.

१९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. चिमण्या पडल्या, मॉल उभे राहिले. २०१२ साली म्हाडाने कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. त्या यादीत नाव लागायला गिरणीचा पुरावा लागतो : हजेरीपत्रक, फंडाची पावती, ओळखपत्र. खानावळवालीकडे यातलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्याकडे एक वही होती, आणि ती माझ्या अक्षरात आहे.

आजी १९९९ च्या श्रावणात गेली. गुडघे गेले होते, पण हात शेवटपर्यंत चालत होते. तेव्हा तिच्याकडे एकच माणूस जेवायला उरला होता. अठ्ठावीसांतलाच. गावी कुणी नसलेला, गिरणीतून बाहेर पडल्यावर एका दुकानात राखणीला राहिलेला. तिच्या तेराव्याला तो सगळ्यांच्या शेवटी जेवला, ताट घेऊन मोरीत गेला आणि ते घासून उपडं ठेवूनच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीच्या वेळेला तो येऊन दारात उभा राहिला. काही बोलला नाही. आईने पाट मांडला. पुढची दोन वर्षं, तो आपल्या भाच्याकडे राहायला जाईपर्यंत, आईने त्याचं जेवण केलं. पैसे तो १० तारखेलाच आणायचा. देव्हाऱ्याजवळच्या डब्यात टाकायचा आणि किती टाकले ते मोठ्याने सांगायचा.